धूम्रद्वीपाचे तीन शेवट

माझे बारामतीचे घरमालक खोटारडे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली त्यांचं नाव निघालं की लोक हळवे होतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. बारामतीत एक खोटं आणि इंदापुरात दुसरं, अशी दोन खोटी ते एकाच वेळी सांभाळून होते, आणि त्यांचं पितळ उघडं पाडायला मी दोनशे पत्रकं छापून घेतली होती. त्यांतलं एकही मी वाटलं नाही. मी घाबरलो असं कुणी म्हणू नये म्हणून हे लिहितो आहे.

त्यांना सगळे तात्या म्हणत. कोर्टातले पेन्शनीत निघालेले बेलीफ. समन्स लोकांच्या दारात नेऊन द्यायचं, कुणी घेतलं नाही तर मोठ्यानं वाचून दाराला डकवायचं, ह्यात त्यांची तीस वर्षं गेली. नोकरी सुटली तरी कोर्ट सुटलं नव्हतं. मांजरानं दूध सांडलं की 'आरोपी फरार' असं ते अंगणात उभं राहून जाहीर करत. मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं करून जबानी घेतली. नाव, वडिलांचं नाव, वय. मग म्हणाले, "धंदा?"

"समाजकार्य," मी म्हणालो.

चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला होता, त्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे बेकार. लिवा."

लिहून घेणारं तिथं कुणीच नव्हतं. पण त्या दिवसापासून ते मला 'वकीलसाहेब' म्हणू लागले आणि भाडं ठरवायचं विसरले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. हुंडा, निरक्षरता, देवऋषी, कालव्याच्या पाण्याची वाटणी, ज्यावर म्हणाल त्यावर मी पत्रक लिहीत असे, आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'जागे व्हा' असं ठोकून देत असे. लोक पत्रक घेत, नीट घडी घालून टोपीत ठेवत आणि घरी जाऊन झोपत. तेच लोक दर गुरुवारी, बाजार उठला की, तात्यांच्या ओसरीवर डोळे ताणून बसलेले असत. हे मला कसं सहन व्हावं?

तात्या त्यांना पुस्तक वाचून दाखवत. गुरुवारी बारामतीत आपल्या ओसरीवर, रविवारी इंदापूरच्या बाजारात धर्मशाळेच्या पडवीत. रविवारी सकाळी पुस्तक कोऱ्या पंच्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एस.टी.त बसत, आणि शेजारच्यानं टेकायला म्हणून त्यावर कोपर ठेवलं तर कंडक्टरकडे तक्रार करत. वाचनाचे नियम कडक होते. आधी हात धुवायचे. पुस्तक पाटावर ठेवायचं. तात्या गुळाचा खडा तोंडात टाकणार, तो विरघळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. गोष्टीत कुणी नवा माणूस आला की तात्या थांबून कोर्टासारखा पुकारा करत: "राजपुत्र रत्नशील, हाजिर हाय का?" आणि पन्नास-साठ माणसं, ज्यांत भाजीवाल्या होत्या, गाडीवान होते, एक शिंपी होता, सगळी एकदम म्हणत, "हाजिर." कुणी जांभई दिली तर तात्या पुस्तक मिटत. "आजचं कामकाज तहकूब." मग जांभई देणाऱ्याला आठवडाभर गावात तोंड दाखवायची सोय नसे.

ती कादंबरी मात्र शुद्ध थापेबाजी. 'धूम्रद्वीप', तीन खंड, पुण्याचा कुणी लेखक. एक बेट शंभर वर्षं धुरात बुडालेलं, तिथं कुणी कुणाचा चेहरा नीट पाहिलेला नाही. राजपुत्रानं तो धूर उठवायचा. त्याच्याबरोबर एक म्हातारा नावाडी आणि एक घोडा. घोडा दिवसातून एकदा बोले आणि बोले ते खरंच बोले. दुसऱ्या खंडाच्या शेवटी राजपुत्र धुराच्या विहिरीच्या काठावर उभा राहून एक पाय उचलतो, आणि खंड संपतो. पुढचा खंड तीन वर्षं आला नाही. तीन वर्षं त्या राजपुत्राचा पाय वर. बारामतीत लोक एकमेकांना भेटले की 'काय पाणी-बिणी?' विचारायच्या आधी 'ठेवला का पाय?' असं विचारत. कालव्यावरच्या गावचे एक ऊसवाले आबा होते, मोठा फेटा, चाळीस एकर ऊस, ते तर तात्यांना म्हणाले होते, "लेखकाला हिकडं बोलवा. चार दिस माज्याकडं ठेवा. काय लागंल ते खाऊ घालतो, पर त्येवढा पाय खाली घ्यायला लावा."

मी म्हणालो, "आबा, कुळकायदा झालाय, गावोगाव सोसायट्या निघताहेत, आणि तुम्ही बोलक्या घोड्याच्या मागे?"

आबा शांतपणे म्हणाले, "तुमचं पत्रक वाचलं म्या. त्यात बी तुमी म्हनताय पाच वर्सांत गावात दुधाची गंगा येनार. घोडं निदान एकदाच बोलतं दिवसातनं."

अखेर एका सकाळी पोस्टात तिसरा खंड आला. ही बातमी भाजीबाजारात अशी फिरली की पोस्टमास्तरनं खिडकी लावून घेतली.

पहिल्या गुरुवारी वाचन सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट घडली, ती सांगितली पाहिजे. भागाक्का म्हणून एक बाई यायची. कालव्याकाठी तिचा मळा, वांगी आणि गवार घेऊन बाजारात बसायची. चार वर्षांपूर्वी तिचा पोरगा रात्री पाण्याच्या पाळीवर दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी फिरवायला, बसला आणि तिथंच झोपला. पाणी फुटून वांग्याचे वाफेच्या वाफे वाहून गेले. भागाक्कानं वीस वर्षांच्या त्या पोराला चार माणसांत थोबाडीत मारली आणि 'तोंड दाखवू नगंस' म्हणाली. तो त्याच दिवशी गेला. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तर ती बाई त्या गुरुवारी उठली, पाटावरच्या पुस्तकापुढं एक सुपारी ठेवली, डोळे मिटले, हात जोडले आणि जागेवर जाऊन बसली. देवळात कौल लावतात तसा तिनं कादंबरीला कौल लावला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथंच बोलणार होतो, पण तात्यांनी हात वर केला. शेजारच्या बायका कुजबुजल्या, "राजपुत्र घरला आला तर हिचा बी येनार." सगळ्यांनी तसंच धरलं. तात्यांनी धरलं, मीही धरलं.

सात गुरुवार वाचन चाललं. सातव्या गुरुवारी राजपुत्र धूर जिंकून परत आला, वाजतगाजत नगरीत शिरला, मांडवात उभा राहिला आणि गादीवर बसला. आबांनी फेटा काढून पुन्हा बांधला. शिंपी रडला. तात्यांनी सगळ्यांना गूळ वाटला. भागाक्का गूळ न घेताच उठून गेली. ते माझ्या ध्यानात आलं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की पोरगा येणार म्हणून बाईला घरी जायची घाई झाली असेल.

ह्यानंतर महिन्यानं आबांच्या पुतण्याचं लग्न लागलं, इंदापूरच्या बाजूला, लासुर्ण्याच्या पुढच्या एका वस्तीवर. मी तिथं हुंड्याविरुद्धची पत्रकं घेऊन गेलो होतो. लोकांनी मला आग्रहानं पंगतीला बसवलं आणि पत्रकं पत्रावळीखाली घातली, जमीन ओली होती म्हणून. आबा लापशीवर तूप घेत म्हणाले, "चला, तिकडं राजपुत्राचं उरकलं, हिकडं आमच्या पोराचं."

समोर मुलीचा मामा बसला होता, इंदापूरचा. तो म्हणाला, "कोनच्या राजपुत्राचं?"

"धूम्रद्वीपाच्या की. बसला न्हवं गादीवर, बायकूला घेऊन."

"पावनं, गादीवर नावाडी बसला. राजपुत्रानं सोताच्या हातानं बसवला त्येला. आन् लगीन कुठलं? घोडं घेऊन डोंगरात गेला त्यो."

"नावाडी?" आबा हसले. "नावाड्याला कोन बसवंल गादीवर?"

"का? नावाडी मानूस न्हाय का? आमच्या उशाला भीमा हाय, आमाला नावाड्याची किंमत ठावी हाय. तुमी कॅनॉलवालं. तुमचं पानी चावीनं येतंय."

"ऐकताना पेंगला आसाल."

"पेंगलो आस्तो तर तात्यांनी तहकूब नसतं केलं?"

आबांनी तुपाची वाटी बाजूला सारली. ते म्हणाले, "खोटं बोलायची तुमच्या गावची रीतच हाय."

मुलीचा मामा भरल्या पानावरून उठला. लग्नघरात मामा पानावरून उठणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. बायका रडायला लागल्या. वरात खोळंबली. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोड काढली: मुलगी आज सासरी जाईल, पण येत्या बेस्तरवारी दोन्हीकडची माणसं तात्यांच्या ओसरीवर बसतील, तात्या पुस्तक उघडतील, आणि निकाल लागेपर्यंत मामा व्याह्यांकडं पाणी पिणार नाही.

मला इतका आनंद झाला की मी लापशी दुसऱ्यांदा मागून घेतली. चोर दोन ठाण्यांत दोन नावं सांगून सापडला होता.

दुसऱ्या दिवशी तात्या दळण आणायला गेले तेव्हा मी त्यांची पेटी उघडली. ही चोरी होती. लोकहितासाठी केलेली चोरीही चोरीच, असं मी आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो. तिसऱ्या खंडाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला तात्यांच्या अंगठ्याचा गुळाचा डाग होता. शेवटची अकरा पानं तेवढी स्वच्छ, म्हणजे गूळ खाऊन लोकांपुढं ती कधी उलटलीच नव्हती. ती मी उभ्या उभ्या चाळली. राजपुत्र परत येत नाही. तो विहिरीच्या पायऱ्या उतरतो, स्वतः धूर होतो आणि सगळा धूर घेऊन आभाळात निघून जातो. गादी रिकामी राहते. नावाडीसुद्धा बसत नाही. मला पुरावा हवा होता तो मिळाला. त्याच्या पुढचं पान मी नजरेखालून घातलं न घातलं आणि पेटी बंद केली.

पत्रकाचं नाव 'राजपुत्र मेला आहे'. छापखान्यातला खिळे जुळवणारा तात्यांचा श्रोता निघाला. मजकूर वाचून त्यानं हातातले खिळे खाली ठेवले.

"खरंच?"

"खरंच."

"आन् घोड्याचं काय झालं?"

मी म्हणालो, इथं घोड्याचा प्रश्न नाही, जनतेच्या फसवणुकीचा प्रश्न आहे. त्यानं पत्रक छापलं, पण गठ्ठा माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवली.

गुरुवारी सकाळी मी तो गठ्ठा घेऊन बाहेर पडत होतो, तेव्हा तात्या ओसरी सारवून घेत उभे होते. वरचं एक पत्रक त्यांनी उचललं. उजेडाकडे धरून दोनदा वाचलं.

"मजकूर बरोबर हाय," ते म्हणाले. "शुद्धलेखन बी."

"म्हणजे कबूल?"

"कबूल."

ते नाकारतील असं धरून मी रात्रभर मुद्दे काढले होते. कबुली आल्यावर माझं अर्धं भाषण वाया गेलं. मी विचारलं, "पण का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तात्या पायरीवर बसले. "वकीलसाहेब, तीस वर्सं मी लोकांच्या दारात हुबा ऱ्हायलो. मला लांबनं बघितलं की बाया पोरं आत घ्यायच्या. एका म्हाताऱ्यानं तर मी तोंड उघडायच्या आदीच हात जोडलं. जे लिवलेलं ते वाचायचं, एक अक्षर हिकडं न्हाय, तिकडं न्हाय. आन् आता पेन्शनीत पुन्हा त्येच? पोथी सुद्धा कुनाच्या मरनावर मिटत न्हाईत. मरान आलं तर पुढं चार वळी चांगल्या येईस्तवर वाचत ऱ्हायाचं आसतं. ह्या पुस्तकात पुढं तसल्या वळीच न्हाईत. मग म्या घातल्या."

"आणि दोन गावांत दोन प्रकारच्या?"

"इंदापूरवाल्यांचा जीव नावाड्यावर. काय करता?" मग त्यांचा आवाज खाली आला. "आन् भागाक्काचा कौल हुता. तिच्या म्होरं मेला म्हनून वाचू व्हय?"

"हीच ती अंधश्रद्धा. हीच तुम्ही पोसली."

"पोसली," तात्या म्हणाले. "वाटा की पत्रकं. म्या आडवत न्हाय. पन पयलं भागाक्काला द्या. तिला वाचाय येत न्हाय, तवा तुमालाच वाचून दावावं लागंल. दारात हुबं ऱ्हाऊन, मोठ्यानं. कसं वाचायचं ते म्या शिकवतो. मान खाली घालायची न्हाय. मधी थांबायचं न्हाय. ती रडाय लागली तरी तारीख आन् सही वाचल्याबिगर हलायचं न्हाय."

हे त्यांनी टोमण्यानं म्हटलं असतं तर मी तडक बाजारात गेलो असतो. ते खरोखरच शिकवत होते, एका बेलीफानं दुसऱ्याला शिकवावं तसं. मी गठ्ठा खोलीत नेऊन ठेवला. दुपारी वाटू, असं स्वतःला सांगितलं.

दुपारी ओसरी अपुरी पडली. इंदापूरची माणसं एस.टी.नं आली होती, मामा एका बाजूला, आबा दुसऱ्या, मध्ये माणूसभर जागा मोकळी. भागाक्का खांबाला टेकून, रिकामी पाटी मांडीवर. तात्यांनी कोर्टाचा जुना काळा कोट घातला होता. त्यांनी हात धुतले, गुळाचा खडा तोंडात टाकला. तो विरघळू दिला. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्या दोन जागी दोन साक्षी दिल्या," ते म्हणाले. "दोनी खोट्या. खरं काय ते ह्यात छापलंय. ते हे वाचतील." त्यांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "ह्यांना कमीजास्त करता येत न्हाय. गुन म्हना, खोड म्हना."

आबा म्हणाले, "म्हंजे गादीवर..."

"गप ऱ्हावा," तात्या म्हणाले.

मी वाचायला बसलो. माझा आवाज सभेचा. पहिलं पान मी विरोधकाला झोडपावं तसं वाचलं. दुसऱ्या पानावर राजपुत्र पायऱ्या उतरायला लागला आणि ओसरीवर इतकी शांतता झाली की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. तो मी खाली आणला. राजपुत्र धूर झाला. धूर उठला. शंभर वर्षांनी बेटावरच्या माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहिले, आणि आई कुठली, लेक कुठली, हे ओळखायला त्यांना वेळ लागला. गादी रिकामी राहिली.

शिंप्यानं डोळ्याला उपरणं लावलं. मामा खाली बघत होता. मी भागाक्काकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. मान खाली घालायची नाही हे सकाळी शिकलो होतो, तरी घातली आणि पुढचं पान उलटलं. जे मी उभ्यानं नुसतं नजरेखालून घातलं होतं, ते.

राजपुत्राची आई. पहिल्या खंडात तिनंच त्याला रागानं घराबाहेर काढलेलं, हे माझ्या कधी लक्षातही राहिलं नव्हतं. ती किनाऱ्यावर उभी असते. घोडा एकटाच परत येतो. मी वाचलं: "घोडा राणीसमोर येऊन उभा राहिला. त्याचे त्या दिवसाचे बोलणे अजून शिल्लक होते. तो म्हणाला, 'आई, तो रागावून गेला नाही. त्याला जायचे होते, म्हणून गेला.' त्यानंतर घोडा पुन्हा कधी बोलला नाही."

पुस्तक संपलं होतं.

"परत वाच," भागाक्का म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"घोडं खोटं बोलत न्हाय ना?"

ज्या बोलक्या घोड्यावरून मी आबांना टोकलं होतं, त्याच्याबद्दल मला साठ माणसांदेखत साक्ष द्यावी लागली. "नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

भागाक्कानं पाटी मांडीवरून खाली ठेवली. ती तात्यांना म्हणाली, "तात्या, तुमी वाचलं त्यात राजपुत्र वाजतगाजत आला. मांडवात हुबा ऱ्हायला. गादीवर बसला. आन् आई कुठं हाय म्हनून इचारलं सुदिक न्हाय त्येनं. तवापास्नं माज्या घशाखाली घास उतरंना. आला तरी आईला इचारलं न्हाय, म्हंजे त्येचा राग काय गेला न्हाय."

तात्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "आक्का, तुज्यासाठीच त्येला आनला ग म्या."

"मला ठावं हाय. पन त्यो यावा म्हनून म्या सुपारी ठेवलीच न्हवती."

"मग?"

"रागावून गेला का, येवढंच इचारलं हुतं."

तात्या उठले. आत गेले, पेटीतून पहिला खंड घेऊन आले, उभ्यानंच तो उघडला आणि त्यातल्या पहिल्याच दोन ओळी वाचल्या, राजपुत्राच्या जन्माच्या. पोथी मरणावर मिटत नाहीत. मग त्यांनी तिन्ही खंड एकावर एक ठेवले आणि "काम संपलं" म्हणून पुकारा केला.

ह्यानंतर खरं म्हणजे तात्यांना लोकांनी जाब विचारायला हवा होता. मी वाट पाहत होतो. कुणी विचारला नाही. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "येवढं तीन खंड ऐकलं, आन् गादी मोकळीच?" मामा म्हणाला, "म्हंजे तुमचं बी खोटं, आमचं बी खोटं." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आबांनी आपला तांब्या पुढं सरकवला. मामा घटाघटा पाणी प्यायला. उन्हाचा सकाळपासून तहानलेला असावा. शिंपी म्हणाला, त्या दिवशी लग्न ऐकलं तेव्हा रडू आलं ते वेगळं होतं, आजचं बरं वाटलं. का ते त्याला सांगता येईना. तात्या तर असे हलके झाले होते की अंगणात येरझाऱ्या घालत मला म्हणाले, "वकीलसाहेब, दोन साक्षी सांभाळायच्या म्हंजे जिवाला घोर. इंदापुरात तोंड उघडताना वाटायचं, हितं लगीन केलंय का न्हाय? ह्या महिन्यात एस.टी.त एक डुलकी लागली आसंल तर शपथ."

आणि मी? माझी पत्रकं खोलीत होती. त्यांत लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि घोड्याचं वाक्य त्यांत नव्हतं. ती वाटायची गरज उरली नाही, ह्याचं मला दुःख व्हायला हवं होतं. प्रामाणिकपणे सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

माणसं पांगली. भागाक्का मागे राहिली. तिनं कमरेची चंची उघडली आणि एक पोस्टकार्ड काढलं. चार ठिकाणी दुमडलेलं, कडा काळ्या झालेल्या. एका बाजूला कुणाच्या तरी हातचा पत्ता होता: मनमाड, रेल्वेची चाळ. दुसरी बाजू कोरी.

"आक्का, हा पत्ता कधीपासून आहे तुमच्याकडं?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. गावचा एकजन भेटला हुता त्येला. पन रागात आसंल तर कशाला लिवायचं? तू कागदं लिवतोस न्हवं? लिव."

मी शाई काढली. तात्या येऊन शेजारी बसले. भागाक्का सांगू लागली. "वांगी बरी आल्यात. कॅनॉलला पानी हाय. धाकटी गाय याली."

मी लिहिलं आणि म्हणालो, "पुढं असं घालू का, की तुझी आई डोळ्यांत प्राण आणून..."

"जबानी हाय ती," तात्या म्हणाले. "साक्षीदार बोलंल तेवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. भागाक्कानं कार्डावर उरलेल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्या मारलं ते चुकलं. तू रागावून गेला न्हाईस हे मला कळलं. यायचं तर ये. न्हाय आलास तर तितं नीट ऱ्हा." आणि मग, "झालं."

तात्यांनी कार्ड घेतलं, चष्मा दोऱ्यानं नीट बसवला आणि उभं राहून ते वाचून दाखवलं. बेलीफाच्या आवाजात, एक अक्षर इकडं नाही, तिकडं नाही. भागाक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

वाचून झाल्यावर मी हात पुढं केला. "द्या आक्का, मी स्टेशनाकडंच चाललोय. पेटीत टाकतो."

तिनं कार्ड तात्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पाटी डोक्यावर ठेवली.

"नगं. म्याच टाकती," ती म्हणाली. "तुमा दोघांचा काय भरवसा? ह्ये तात्या वाटंत काय तरी घालतील, आन् तू काय तरी काढशील."